जिवंत दादांचं सुतक

मुक्काम आपली वाडी, तालुका पोलादपूर.
बुधवार, दुपारची वेळ, वीज गेलेली.

तीर्थरूप जानूदादांच्या चरणी (डावा गुडघा अजून सुजत असेल तर नुसत्या उजव्या चरणी) धाकट्या महिपतचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहिल्याशिवाय पत्र पुढे सरकत नाही म्हणून लिहिलं. तुमची खुशाली मात्र मी मनापासून विचारतो आहे, कारण आपल्या वाडीच्या माहितीप्रमाणे तुम्ही गेल्या शनिवारी वारलात.

घाबरू नका. आधी घोटभर पाणी प्या आणि मग वाचा. दोन बातम्या आहेत. एक ही, तुमच्या मरणाची. ती खोटी आहे हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार? दुसरी माझी आहे. ती खरी आहे, पण त्या मानाने किरकोळ आहे, कारण मी अजून चालतो-फिरतो आणि चहाला नावं ठेवतो. मला कॅन्सर झाला आहे. मानेत गाठ होती. शिमग्याच्या आधी महाडला दाखवली, तिथून पुण्याला धाडलं. सहा डोस घ्यायचे, दोन झाले. सगळे घेतले तर माणूस परत गिरणीवर बसून पीठ दळू शकतो आणि मध्येच सोडले तर गाठ परत येते, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं आहे. (पोर आमच्या विपुलपेक्षा लहान असेल, पण मला 'आजोबा, घाबरायचं नाही हं' असं अंगणवाडीत बसवल्यासारखं सांगते.) तिसरा डोस एका आठवड्याने पुढे गेला आहे. कारण किरकोळ.

तुम्हाला आधी का सांगितलं नाही? कारण तुम्ही रडता. मागे बैल मेला तेव्हा तुम्ही मुंबईत बसून रडलात आणि तो बैल आपला नव्हता, शेजाऱ्याचा होता. आणि आता फोन न करता पत्र का लिहितो? कारण या घरात फोन आता एकट्याचा राहिलेला नाही. मी हातात घेतला की उज्वला चुलीपुढून म्हणते, 'जोरात लावा, मला पण ऐकू द्या.' मग ऐकता ऐकता तीच बोलते आणि मी नुसता फोन धरून उभा राहतो. गिरणीतल्या टेबलफॅनची किंमत माझ्यापेक्षा जास्त. पत्रात मधे कोणी बोलत नाही. विपुल उद्या लग्नाच्या खरेदीला मुंबईत येतोय (कोणाचं लग्न ते पुढे येईल), तो हातोहात आणून देईल. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवून त्याच्याकडे देतो.

तर दादा, आपल्याकडे आजार दोन जातींचे. एक सांगायचे, एक न सांगायचे. गुडघा सांगायचा. मोतीबिंदू तर मिरवायचा, काळा चष्मा घालून. पण हा आजार झाला की घरातली माणसं दारं-खिडक्या लावून कुजबुजतात, जणू मी कोणाची बायको पळवून आणली आहे. उज्वलाने ठरवलं, कोणाला कळता कामा नये, लोक कीव करतील, वाडीतून माणसाला जिवंतपणीच वजा करतील. म्हणून वाडीत सांगितलं की ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, पुण्याला. पहिल्या डोसाला डावा डोळा झाला. दुसऱ्या डोसाला उजवा झाला. तिसऱ्या डोसाला डोळा कुठून आणायचा हा विचार या बाईने केलेला नव्हता.

डोसाला आमचा मुख्तार नेतो, त्याच्या गाडीतून, वरंध घाटातून भोरमार्गे. तुम्हाला आठवत असेल, महाडच्या बाजारात ज्याच्या बापाचा टेम्पो होता तो. घराबाहेरच्या माणसांत खरी गोष्ट ठाऊक असलेला तेवढा एकच. दिवसभर हॉस्पिटलच्या दारात थांबतो आणि येताना पुढच्या सीटवर मला बसवून मांडीवर पिशवी ठेवतो. त्या घाटाची एक सोय आहे. तिथे धडधाकट माणसालासुद्धा ओकारी होते, त्यामुळे माझी औषधाची की वळणाची हे कोणी विचारत नाही. मुख्तार म्हणतो, 'काका, लाजू नका, या गाडीत मंत्र्याच्या मेव्हण्याने पण ओकून ठेवलंय.' असा मान मला जन्मात मिळाला नव्हता.

दुसऱ्या डोसानंतर केस जायला लागले. म्हणजे कसे, सकाळी उशीवर बघावं तर मांजर व्याल्यासारखं. डोकं टोपीखाली झाकता येतं, पण मिशीला टोपी कुठली? निम्मी गेली, निम्मी राहिली. शेतात गुरं शिरून गेल्यावर राहतं तसं. शनिवारी मुख्तारबरोबर महाडला रक्त तपासायला गेलो होतो (प्रत्येक डोसाआधी तपासावं लागतं), तेव्हा तो म्हणाला, काका, एकदाच काय ते उरकून टाका. बसलो खुर्चीत. न्हावी नवीन होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, हळूच मोबाईलवरचं गाणं बंद केलं, डोकं भादरलं, मिशी काढली आणि शेवटी आरसा न दाखवता हात जोडले. मला वाटलं, शहरातली माणसं किती समजूतदार असतात.

आता तुम्हीच सांगा, आपल्यात मिशीसकट डोकं भादरून माणूस कधी येतो? वडीलधारं माणूस जातं तेव्हा. आईबाबांना जाऊन जमाना झाला. मग माझ्या वर आता कोण शिल्लक आहे? एकटे तुम्ही. शिवाय शिमग्याला तुम्ही आला नव्हता. एवढं गणित वाडीला गिरणीवर न येता जमतं. टाकीच्या वळणावर मी गाडीतून उतरलो, घामाने जीव हैराण म्हणून टोपी काढली, आणि नळावर पाणी भरणाऱ्या काशीबाईने (वरच्या आळीची, तिला तुम्ही लहानपणी कैऱ्या पाडून द्यायचा) हंडा खाली ठेवून असा हंबरडा फोडला की समोरच्या वडावरचे कावळे उडाले.

आणि गंमत बघा. गेलेल्या माणसाचं नाव आपल्याकडे कोणी तोंडाने घेत नाही. 'झालं ते वाईट झालं' एवढंच म्हणायचं. मला वाटलं, झालं, डोळ्यांचं बिंग फुटलं, हिला माझा आजार कळला. मग आमचं बोलणं झालं ते असं. काशीबाई म्हणाली, 'अचानकच का रं?' मी म्हटलं, 'अचानकच गो. आत गाठ होती, कोणाला दिसली नाय.' ती म्हणाली, 'तरास लय झाला काय?' मी म्हटलं, 'आधी नाय, नंतर ओकाऱ्या फार.' तिने डोळ्याला पदर लावला. 'अरे द्येवा. मग शेवटाला जवळ कोण होतं?' मी आपलं शेवटच्या खेपेचं सांगितलं, 'मुख्तार होता. घाटात त्यानंच पिशवी धरली.' संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की जानू वरंध घाटात मुख्तारच्या गाडीत ओकून ओकून गेला, आणि घरचं एक माणूस जवळ नव्हतं. तुम्ही मुंबईत असताना वरंध घाटात कसे पोचलात हे विचारायला कोणाला सुचलं नाही. मरणाच्या बातमीत रस्ता कोण विचारतो?

रविवारी सकाळपासून माणसांची रीघ. पुरुष येत, ओटीवर बसत, वर बोट करत, तंबाखू मळत आणि जात. मीही वर बघायचो. मनात म्हणायचो, ही सगळी माझ्यासाठी आली, किती जीव लावतात! मला नाही नाही त्या पापांची आठवण झाली, कोणाच्या दळणात मूठभर कमी आलं होतं ते. बायांनी भाकऱ्या आणल्या, बिनफोडणीचं पिठलं आणलं. दादा, औषधाने तोंडाची चव गेलेल्या माणसाला सुतकाच्या जेवणासारखं जेवण नाही. मी दोनदा मागून घेतलं. तेव्हा एक म्हातारी दुसरीला म्हणाली, 'दुःखानं खातो गो, खाऊ दे.'

सोमवारी उजाडता उजाडता हैबतीआबा आले. आपल्या भावकीतले सर्वांत मोठे, तेव्हा बोलण्याचा मान त्यांचा. थोडा वेळ काठी आपटत बसले आणि म्हणाले, 'महिपत, दहावा कुठं करणार? हितं की ममईला?' मी म्हटलं, 'आबा, मी अजून आहे ना.' ते म्हणाले, 'तू हायस रे. जानूचं इचारतो.'

तिथे माझ्या भादरलेल्या डोक्यात उजेड पडला. मी तोंड उघडणार तेवढ्यात उज्वलाने दाराआडून अशी खूण केली की पुढे बोललो असतो तर दोन दहावे करावे लागले असते. आत नेऊन म्हणाली, 'भावोजी जिवंत आहेत म्हणून सांगाल, तर केस कसे गेले म्हणून विचारतील. मग काय सांगाल? डोळ्याला लावलेलं औषध डोक्यावर सांडलं?' मी म्हटलं, 'अगं, पण दादा मेले त्याचं काय?' ती म्हणाली, 'चार दिवस मेले म्हणून त्यांना काय होतंय? ते तिकडे सुखात आहेत.' दादा, तुमच्या भावजयीच्या मनात तुमच्याविषयी किती आदर आहे ते असं अधूनमधून कळतं.

चार दिवस हे चाललंही असतं. तुमची कीर्ती एवढी वाढली होती की मलाच तुम्हाला परत जिवंत करणं जिवावर आलं. तुम्ही लाखात एक, तुमच्या तोंडून कधी वेडावाकडा शब्द नाही, वाडीवर तुमची माया. असं सर्वांनी मिळून ठरवलं. पालखी आधी कोणाच्या दारात न्यायची यावरून तुम्ही हैबतीआबांचा सदरा फाडला होता, ते स्वतः आबांनीसुद्धा काढलं नाही. पण घोळ असा की आबांच्या नातवाचं, सार्थकचं लग्न या रविवारी आहे. शनिवारी हळद. एकच भावकी, म्हणजे तुमचं सुतक त्यांनाही. मांडवाचे वासे पडून राहिले. त्यात सुतक म्हणून आमची गिरण बंद, म्हणजे हळद दळणंही बंद. नवऱ्या मुलाची आई दारात येऊन कोणाकडेही न बघता बोलली, 'सोन्यासारखं लग्न, आणि मेल्याला हाच म्हयना गावला.' (मेल्याला म्हणजे तुम्हाला. लाखात एक राहिला नाहीत.)

मंगळवारी कोणाच्या तरी डोक्यात आलं की मुंबईला व्हिडिओ करून तुमच्या घरच्यांना तरी भेटू. आपल्याकडे व्हिडिओपुरती रेंज फक्त टाकीच्या वरच्या कातळावर येते. सगळी भावकी कातळावर चढली, मला मध्ये धरून. मी खूश, म्हटलं दादा दिसतील, बोलतील, प्रश्न मिटेल, माझ्या डोक्याचं पुढे बघू. फोन लागला. तुमच्या सूनबाईंनी उचलला. तुम्ही मागे कॉटवर उताणे, गळ्यापर्यंत पांढरी चादर, तोंड उघडं आणि कानांत कापूस. पंख्याचा वारा लागतो म्हणून तुम्ही कापूस घालता हे मला माहीत आहे, पण बाकीच्या भावकीला नाही. एवढी डोळे पुसणारी माणसं बघून पोर बावरली. हळू आवाजात म्हणाली, 'बाबा आत्ताच...' आणि रेंज गेली.

'बाबा आत्ताच जेवून झोपलेत' हे पुढचं वाक्य तिने म्हटलं असेल. वाडीला त्याची गरज राहिली नव्हती. आबा मला म्हणाले, 'शनवारपासून तसाच ठेवलाय व्हय रे?'

दादा, त्या कातळावर मी उभा होतो. खाली सार्थकच्या मांडवाचे वासे दिसत होते, आणि तो पोरगा त्यावर एकटाच बसून पायाने माती उकरत होता. मी टोपी काढली. जन्मात कधी सभेत बोललो नाही. मी म्हटलं, 'आबा, दादा जिता हाय. दुपारचा झोपलाय. सुतकाचे केस नव्हत हे. औषधानं गेलेत. मला कॅन्सर झालाय.'

शब्द तोंडातून बाहेर पडला तर आभाळ पडेल असं उज्वलाला वाटत होतं ना, तर काही पडलं नाही. खाली कोणाची तरी शेळी ओरडली तेवढंच. मग हैबतीआबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे कडाडले, 'मग मेल्या, आधी नाय सांगायचं? दोन दिस पोरीबाळींनी नुसतं पिठलं गिळलं! आणि माझी हळद?' असं म्हणून काठी टाकून दिली आणि माझा हात असा धरला की घरी येईपर्यंत सोडला नाही. मला वाटतं त्यांनाही कातळ उतरायला आधार हवा होता, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

तुमचं सुतक असं फिटलं. मी त्याच दिवशी गिरण चालू केली आणि पहिली हळद सार्थकची दळली. आता कालपासून तीच माणसं परत येत आहेत, या वेळी माझ्यासाठी. काशीबाई तर रागावली आहे. म्हणते, 'एका घराला किती येळा रडायचं? एकदा काय ते नक्की करा रं.' औषधांचा तर पूर आला आहे. गुळवेल आली, पपईची पानं आली, कोणाच्या मामाच्या गावची मुळी आली. ती मुळी घेऊन मामा बरा झाला का, असं विचारलं तर म्हणाले, मामा नाही, पण मुळी चांगली आहे. सगळं मी भक्तिभावाने घेतो आणि गिरणीमागे ठेवतो. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय त्यातलं पानही तोंडात जाणार नाही अशी उज्वलाने शपथ घातली आहे. भावकीतल्या बाया आता पाळीने आमच्याकडे मऊ भात घेऊन येतात, आणि मी किती खाल्ला ते बघायला उभ्या राहतात. मी सून असल्यासारखा खाली मान घालून जेवतो. विपुल कंपनीतली पाळी बदलून घेतो आणि आल्यावर माझं पोतं आपल्या पाठीवर घेतो. आधी याच पोराला हलवून हलवून गिरणीवर आणावा लागायचा. एका गाठीने किती माणसं सुधारली!

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, सूनबाईंना सांगा की वाक्य नेहमी एका दमात पूर्ण करावं, पोरांना आशीर्वाद. लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर गिरणीचं शिक्षण समजून पोटात घाला.

तुमचा आज्ञाधारक (सध्या बोडका) धाकटा भाऊ,
महिपत

ता. क. : लग्नाला तुम्ही जातीने यावं असा हैबतीआबांचा निरोप आहे. निम्मी वाडी अजून मानत नाही. येताना आधार कार्ड आणा. हळदीला सर्वांना दिसाल असे मधोमध बसा आणि मधूनमधून हला.

ता. क. : मोठ्या भावोजींना उज्वलाचा नमस्कार. शितं सुकायच्या आत पाकीट उघडलं, त्याबद्दल माफी. ह्यांनी एवढी पानं भरली आणि जे लिहायचं तेच 'किरकोळ' म्हणून टाकलं. तिसरा डोस सोमवारीच होता. आबा उठून गेल्यावर मुख्तार दारात गाडी घेऊन आला, तर हे म्हणाले, सुतकात घराबाहेर पडत नाहीत, लोक काय म्हणतील. चूक माझीच, सुतक मीच ठेवलं, त्यात मीच अडकले. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी येता सोमवार दिला आणि याच्यापुढे एक दिवस ढकलू नका म्हणून बजावलं. गाठ निम्मी झालीय असं त्यांनी सांगितलंय, तेही ह्यांनी लिहिलं नाही. आता सुतक नाही तर लग्नाचा शीण असेल म्हणतात. तळीयेला दरड आली तेव्हा हाच माणूस लोकांबरोबर चिखलात उभा राहून माती काढत होता, घरी ये म्हटलं तर येत नव्हता. आणि आता गाडीचा आवाज आला की गिरणीत जाऊन बसतो. माझं ऐकत नाहीत, विपुलचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. उज्वला.

ता. क. : दादा, हिने लिहिलेलं वाचलं. खोडणार होतो, नाही खोडलं. आता पत्राची रीत संपली, तोंडाने बोलतो तसं लिहितो. दुसऱ्या डोसानंतर आठ दिवस मी भिंतीला धरून मोरीपर्यंत जात होतो. परत ते नको वाटतं रे. तू मेलास म्हणून माणसं आली तेव्हा मला बरंच वाटलं, घरात बसायला निमित्त झालं. पण सोमवारी मुख्तारला परत पाठवला आणि गिरणीत जाऊन बसलो, तर बाहेर ओटीवर माणसं तुझंच बोलत होती, आणि मला रडायला आलं. तू तिकडे धडधाकट घोरतोयस हे ठाऊक असून. गिरणीचा पट्टा चालू नव्हता म्हणून आवाज दाबावा लागला. मग मनात आलं, खोट्याने माझं असं होतं, तर माझं खरं झालं तर तू काय करशील. तू तर शेजाऱ्याच्या बैलाला रडतोस.

सोमवारी जातो. पण मुख्तारच्या गाडीत माझ्या मागच्या सीटवर तू बस. काही बोलू नकोस, धीर देऊ नकोस, नुसता बस. गुडघ्याचं बघू, विपुल तुला जिन्यावरून उतरवून आणील, त्याला तसं सांगितलंय. वाडीत मात्र लग्नालाच आलो म्हण. मी बोलावलं असं कोणाला कळू देऊ नकोस, उज्वलाला तर मुळीच नाही. हे पाकीट मी आता तिच्यासमोर नव्याने चिकटवतो आहे आणि ती शेजारी बसून वाचते आहे.